तंजावरची गानयात्रा

प्रवासाची हौस आणि गाण्याची हौस ह्या दोन्ही एका घरांत नांदूं लागल्या, म्हणजे त्यांची सांगड घालण्याची कल्पना कोणाच्या ना कोणाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. अलीकडे आमच्या शहरांतील गायनवर्ग, भजनी मंडळें व स्त्रियांचे गायनसंघ पंचवीस-तीस जणांची तुकडी करून एखाद्या जुन्या राजधानीच्या गांवीं जातात. दिवसा तेथील वाडे, देवळें व संग्रहालयें पाहतात आणि सायंकाळीं आपलें गाणें तेथील लोकांपुढें करतात. युरोपांत ही चाल चांगलीच रुळलेली आहे. व्हिएन्ना, प्राग ह्यांसारख्या जुन्या राजधान्यांत परगांवचे हौशी गायकवृंद येतात, तेथील एखाद्या पुरातन चर्चमध्यें तासभर गातात आणि उरलेला वेळ शहर पाहण्यांत घालवितात. आमच्याकडे ही चाल आतां रुजूं पाहत आहे. तिच्यापायीं घरांतला पैसा, वेळ आणि मुख्य म्हणजे माणसांचा उत्साह खर्ची पडतो. तेव्हां अशी यात्रा कशी केली असतां सार्थकीं लागते, ह्याचा विचार सुज्ञ वाचकांपुढें मांडावा, असें आम्हांस वाटतें.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या परिचयाच्या एका गायनवर्गाबरोबर आम्ही तंजावरास गेलों होतों. वर्गांतील बहुतेक मंडळी म्हणजे संसारी स्त्रिया. त्यांत दोन सासू-सुनांच्या जोड्या, तिघी जावा, चार शाळकरी मुली आणि पेटी-तबल्याच्या साथीला तिघे पुरुष. प्रवासाची सारी व्यवस्था एका व्यवस्थापकाकडे सोंपविलेली होती. तीन दिवसांत अकरा स्थळें दाखवीन, असें त्यानें कबूल केलें होतें आणि तें त्यानें अक्षरशः पाळलें! पहाटे पांचास मोटार सुटावयाची, देवळाच्या महाद्वारांत 'चाळीस मिनिटें' अशी आरोळी व्हावयाची आणि गाभाऱ्यापर्यंत पोंचतों न पोंचतों तोंच परतीची शिटी वाजावयाची. तिसऱ्या रात्रीं नऊ वाजतां, आम्ही उतरलों होतों त्याच ठिकाणच्या एका दालनांत गाण्याचा कार्यक्रम झाला. श्रोते मोजून तेरा. त्यांतच मोटारीचा चालक आणि दोघे वाढपी. गळे बसलेले, पाय सुजलेले. तीन महिने तालीम करून बसविलेला कार्यक्रम पाऊण तासांत आटोपला. परतीच्या वाटेवर वर्गांतल्या एका बाईंनीं आम्हांस विचारलें, "गुरुजी, आपण इथं येऊन गायलों ह्यांत तंजावरचं असं काय होतं? हेंच आपल्या पेठेंतल्या सभागृहांत गायलों असतों, तर काय बिघडलं असतं?"

प्रश्न साधा होता, पण त्यांत साऱ्या गानयात्रेची परीक्षा आहे. आमच्या मतें त्याचें उत्तर असें: ज्या गांवीं गावयास जावयाचें, त्या गांवाचें एक तरी गाणें शिकून जावें. केवळ आपलेंच गाठोडें घेऊन परगांवीं जाणारा आणि तें तेथें सोडून दाखविणारा मनुष्य हा फेरीवाला होय. त्याचा माल चांगला असला तरी लोक क्षणभर थांबतील आणि पुढें जातील. तेथील विद्या थोडीबहुत शिकून जो जातो तो पाहुणा होय; त्याला घरांत घेतात, पाटावर बसवितात. हा धडा आम्ही पदरचा सांगत नाहीं; तंजावरच्या इतिहासानेंच तो दिलेला आहे.

छत्रपति शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी राजे ह्यांनीं १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलें. पुढें १८५५ सालीं शेवटचे राजे शिवाजी हे पुत्र नसतां वारले आणि इंग्रजांनीं राज्य खालसा केलें. म्हणजे सुमारें १८० वर्षें तेथें भोसल्यांची गादी होती. रयतेची भाषा तमिळ, पूर्वींच्या नायक राजांनीं दरबारांत रुळविलेली तेलुगु, पंडितांचें संस्कृत आणि घरांत मराठी, असा तो प्रसंग होता. तरवारीनें गादी मिळाली. पण परमुलुखांत आपलेपणा मिळवावयास तरवार उपयोगी पडत नाहीं. भोसले शिकले. १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य करणारे शाहजी राजे ह्यांनीं मराठींत नाटकें रचलीं, तशीं तेलुगूंतहि रचलीं. त्यांच्या 'पंचभाषाविलास' नाटकांत संस्कृत, मराठी, तेलुगु, तमिळ व हिंदी अशा पांच भाषा एकत्र नांदतात. सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं पहिला प्रयोग केला, त्याच्याहि सव्वाशेंहून अधिक वर्षें आधीं कावेरीच्या कांठीं हा मराठी राजा नाटकें लिहीत होता, ही गोष्ट आमच्या मुलांना शाळेंत क्वचितच कळते. त्यांच्या मागून आलेल्या तुळजाजी राजांनीं संस्कृतांत 'संगीतसारामृत' हा संगीतशास्त्राचा ग्रंथ लिहिला. दुसरे सरफोजी राजे (१७९८ ते १८३२) ह्यांनीं श्वार्त्झ नांवाच्या जर्मन पाद्र्यापाशीं विद्या घेतली, पाश्चात्य वाद्यें दरबारांत आणविलीं, आणि त्याच दरबारांत चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु ह्या चौघां बंधूंनीं नृत्याच्या कार्यक्रमास जो क्रम लावून दिला, तोच आजहि भरतनाट्याच्या रंगमंचावर चालतो. परकी म्हणून आलेलें घराणें शिकत शिकत त्या मातीचें झालें.

हें मनांत धरून तंजावर पाहिलें, म्हणजे तीच स्थळें निराळीं दिसूं लागतात. राजराज चोळानें बांधविलेलें बृहदीश्वराचें देऊळ १०१० सालीं पुरें झालें. त्याचें शिखर सुमारें २०० फूट उंच आहे आणि घाईचा प्रवासी मान मागें टाकून तें पाहतो, छायाचित्र घेतो व निघतो. गाणाऱ्यानें मात्र तेथील शिलालेखांकडे लक्ष द्यावें. राजराजानें देवाच्या सेवेसाठीं निरनिराळ्या गांवच्या देवळांतून आणविलेल्या सुमारें ४०० नर्तकींचीं नांवें त्या दगडांवर कोरलेलीं आहेत. कोणती कोठून आली, कोणत्या आळींत कितव्या घरांत राहते आणि तिला धान्याचा किती वाटा मिळावयाचा, तेंहि लिहिलेलें आहे. नटुवनार, गायक व वादक हेहि त्या यादींतून सुटलेले नाहींत. हजार वर्षांपूर्वींच्या राजाचा विजय पुष्कळ ठिकाणीं कोरलेला सांपडतो. एका नाचणाऱ्या मुलीच्या घराचा पत्ता कोरलेला क्वचितच सांपडावा. त्याच देवळाच्या प्राकारांत नैर्ऋत्येच्या बाजूस सरफोजी राजांनीं १८०३ सालीं भोसले कुळाचा इतिहास मराठींत कोरवून घेतला आहे. एवढा विस्तृत मराठी शिलालेख महाराष्ट्रांत राहून आम्हीं पाहिला नव्हता. मुलांनीं बोट ठेवून एक एक अक्षर लावीत त्यांतल्या दोन ओळी वाचल्या, तरी चाळीस मिनिटें सहज जातात, आणि तीं सत्कारणीं लागतात.

राजवाड्यांत नायकांच्या वेळचें संगीत महाल म्हणून एक दालन दाखवितात, मराठ्यांचा दरबारमहाल आहे, चोळांच्या काळच्या कांस्यमूर्तींचें संग्रहालय आहे. पण आमच्या वाचकांनीं अधिक वेळ ठेवावा तो सरस्वती महाल ग्रंथालयासाठीं. नायकांच्या वेळीं सुरू झालेला हा संग्रह सरफोजी राजांनीं वाढविला. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेस गेले, तेथूनहि त्यांनीं पोथ्या मिळवून आणल्या. संस्कृत पोथ्या सर्वांत अधिक. त्यांच्या जोडीला तमिळ, तेलुगु व मराठी. मोडी लिपींतले दरबारी कागद तर गठ्ठ्यांनीं आहेत. ते वाचणारीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत, हें ऐकून मनास चुटपुट लागते. शहरांत वीणा करणाऱ्या कारागिरांचीं घरें आहेत. फणसाच्या लांकडाचा तो भोंपळा कोरून काढतांना आणि दांडीवर मेणांत २४ पडदे बसवितांना पाहणें, हेंहि एक शिक्षणच आहे. ह्या चार गोष्टी पहावयास दोन दिवस लागतात. आणखी सात स्थळें त्यांत कोंबूं नयेत.

आतां मुख्य गोष्ट. तंजावरापासून बारा-तेरा किलोमीटरांवर कावेरीच्या तीरीं तिरुवैयारु नांवाचें गांव आहे. 'ऐयारु' म्हणजे पांच नद्या. तेथील देवासहि पंचनदीश्वर म्हणतात. १७६७ सालीं जन्मलेले त्यागराज ह्या गांवीं राहिले. राजदरबाराचें बोलावणें त्यांनीं परत पाठविलें, अशी आख्यायिका आहे. घराण्याचे ते तेलुगु. त्यांनीं तमिळ मुलुखांत राहून, मराठी राजाच्या राज्यांत, तेलुगु व संस्कृत भाषांत रामाचीं पदें रचलीं. १८४७ सालीं त्यांनीं देह ठेवला, ती तिथि म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणें पौष वद्य पंचमी. त्या दिवशीं दरवर्षीं त्यांच्या समाधीपाशीं मोठा उत्सव भरतो. दाक्षिणात्य संगीतांतील नामवंत गायक-वादक समाधीसमोर जमिनीवर ओळींनीं बसतात आणि सकाळीं त्यागराजांच्या पांच मोठ्या कृति, ज्यांस पंचरत्न म्हणतात, त्या सर्वजण एका स्वरांत, एका तालांत म्हणतात. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री असे त्यांचे पांच राग. ताल पांचांचाहि आदि. ह्या सोहळ्याचा विशेष असा कीं, येथें गाणारा आणि ऐकणारा हा भेद बहुतांशीं गळून जातो. मांडवाच्या टोंकाशीं बसलेल्या सामान्य गृहस्थालाहि त्या कृति येत असतात आणि तोहि मांडीवर ताल धरून म्हणत असतो. सुमारें तासभर कोणी कोणाला दाद देत नाहीं. कारण दाद देण्यास मोकळा असा कोणी फारसा उरतच नाहीं.

घरोघरच्या लेकीसुनांनीं ह्या ठिकाणाचा आणखी एक वृत्तांत जाणून घ्यावा. ह्या शतकापूर्वींच्या शतकाच्या आरंभीं त्यागराजांची समाधि दुर्लक्षित, पडक्या स्थितींत होती. बंगळूर नागरत्नम्मा (१८७८ ते १९५२) ह्या देवदासी कुळांत जन्मलेल्या विख्यात गायिकेनें आपली मिळकत खर्चून ती जागा मिळविली आणि १९२० नंतरच्या दशकांत तेथें मंदिर बांधविलें. परंतु उत्सवांत गाण्याचा अधिकार पुरुषांचा! जिनें मंदिर बांधिलें तिलाच तेथें गातां येईना. तिनें भांडण घालीत बसण्यापेक्षां स्त्रियांचा निराळा उत्सव समाधीच्या मागल्या बाजूस सुरू केला आणि वर्षानुवर्षें नेटानें चालविला. शेवटीं १९४० च्या सुमारास पुरुषांचे दोन तट व हा स्त्रियांचा तट एक झाले. पंचरत्न सर्वांनीं एकत्र म्हणण्याची आजची रीतहि त्या एकोप्याच्या काळांतलीच. नागरत्नम्मांची समाधि त्यागराजांच्या समाधीजवळच आहे. आज एखादी सून सासूशेजारीं बसून तेथें मोकळ्या गळ्यानें गाते, तें ह्या बाईच्या पुण्याईनें, हें विसरतां कामा नये.

ह्यावर आमच्या वर्गांतल्याच एका वृद्ध गृहस्थांनीं आक्षेप घेतला होता. ते म्हणाले, "आपल्याकडे अभंग आहेत, नाट्यपदें आहेत, तीं सोडून परभाषेंतलें गाणें घोकावयाचें कशाला?" आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. पण देवघेव नेहमीं दोन्ही बाजूंनीं झालेली आहे. महाराष्ट्रांतले कीर्तनकार तंजावरास जात असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोरगांवकर बुवांचीं कीर्तनें ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनीं तमिळ हरिकथेस नवें वळण दिलें, आणि साकी, दिंडी, ओंवी, अभंग हीं आपलीं वृत्तें तिकडच्या कथेंत शिरलीं. आजहि दाक्षिणात्य गवई मैफलीच्या शेवटीं पुष्कळदां अभंग म्हणतो आणि श्रोते तो मागून घेतात. त्यांनीं आमचें शिकून ठेवलें आहे. आम्हीं त्यांचें किती शिकलों? परतफेडीचा हा हिशेब बराच थकलेला आहे.

म्हणून त्याच वर्गानें दुसऱ्या वर्षीं निराळी रीत धरली. आमच्याच शहरांत राहणाऱ्या एका तमिळ बाईंकडे पंचरत्नांची शिकवणी लावली. नाट रागांतली पहिली कृति संस्कृतांत आहे. तेव्हां तिचा अर्थ सांगण्याचें काम आमच्याकडे आलें आणि संधि-समास सोडवितांना शाळेंतले दिवस परत आल्यासारखें वाटलें. बाकीच्या चार तेलुगूंत. हिंदुस्थानी पद्धतीच्या गळ्यांना तिकडचें गमक सहजासहजीं येईना. श्री राग तर मोठा चकवा! नांव तेंच, पण आमच्या श्रीचे स्वर पूर्वी थाटांतले आणि त्यांचा श्री काफीच्या वळणाचा. वराळी शिकवावयास बाई प्रथम तयारच होईनात. ती समोर बसवून शिकविली असतां गुरुशिष्यांत वितुष्ट येतें, असा तिकडे समज आहे. मग त्यांच्या घरची ध्वनिमुद्रिका ऐकून ती आम्हीं उचलावी व त्यांनीं केवळ चुका काढाव्या, अशी तोड निघाली. वर्ष सरतां सरतां चार कृति नीट बसल्या; पांचवी अडखळत येई.

पंचमीच्या सकाळीं आमची मंडळी मांडवांत मागल्या अंगास बसली. आमच्या शेजारच्या तमिळ कुटुंबांतील एका आजीबाईंनीं आमच्या मुलींच्या हातांतल्या देवनागरी वह्या पाहिल्या आणि कांहीं न बोलतां त्या सरकून जवळ आल्या. वराळी सुरू झाली, आमची गाडी अडखळली, तेव्हां त्यांनीं आमच्यांतल्या धाकट्या मुलीच्या मांडीवर आपल्या हातानें ताल धरला व शेवटपर्यंत सोडला नाहीं. दोघींना एकमेकींच्या भाषेचा एक शब्द कळत नव्हता. दुसऱ्या सायंकाळीं त्यांच्याच ओळखीनें तंजावरच्या एका जुन्या मराठी घराच्या ओसरीवर आमचें गाणें झालें. तीं माणसें घरांत अद्याप मराठी बोलतात. शब्द जुने आणि हेल तमिळ. आरंभीं पंचरत्नांतली एक कृति म्हटली, मग अभंग. श्रोते चाळीसच होते. पण अभंगाच्या वेळीं ते चाळीसहि गात होते. रात्रीं परततांना त्या पहिल्या बाईंनीं आम्हांस कांहीं विचारलें नाहीं. त्या वाटभर आरभी गुणगुणत होत्या.

ज्यांस अशी यात्रा काढावयाची असेल, त्यांच्या सोयीसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. मंडळी तिसांहून अधिक नसावी; एका मोटारींत मावेल आणि एका पंगतींत जेवेल एवढीच संख्या गातांना एकजीव होते. तिरुचिरापल्लीपर्यंत आगगाडीनें किंवा विमानानें जावें; तेथून तंजावर सुमारें ५५ किलोमीटर. उत्सवाच्या काळांत उतरावयास जागा मिळणें कठीण, तेव्हां ती कांहीं महिने आधीं ठरवावी. मांडवांत बसून सर्वांबरोबर गावयाचें असेल तर आडकाठी नसते. स्वतंत्र गाण्यासाठीं गवयांस थोडीथोडी मिनिटें वांटून दिलेलीं असतात, त्याकरितां उत्सवाच्या सभेकडे आगाऊ लिहावें लागतें. पहिला दिवस देवळासाठीं, तोहि दोन भागांत, सकाळीं व सूर्यास्तास. दुसरा दिवस राजवाडा, ग्रंथालय व वीणेच्या कारागिरांसाठीं. तिसऱ्या दिवशीं कोठेंहि जाऊं नये. गळ्याला आणि पायांना विश्रांति द्यावी, पाणी उकळलेलें प्यावें, बर्फ वर्ज्य करावा, सायंकाळीं एकदां सर्व कृति म्हणून पहाव्या. चौथ्या दिवशीं पहाटे तिरुवैयारु गांठावें. आपलें स्वतःचें गाणें पांचव्या दिवशीं, शेवटीं. म्हणजे तोंवर चार माणसें ओळखीचीं झालेलीं असतात. घरांत सून गेली तर मागें कोण पाहील, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबांत निघेल. शक्य असेल तेथें सासूनेंहि वहीं घेऊन शिकवणीस बसावें आणि बरोबर जावें. मागें राहिलेल्या पुरुषांनीं आठ दिवस भाताचा कुकर लावला तर कुळास बट्टा लागत नाहीं.

चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून पौष वद्य पंचमीपर्यंत, अधिक मास नसेल तर, नऊ महिने आणि वर वीस दिवस मिळतात. कृति पांच. एका कृतीस दोन महिन्यांहून थोडा कमी वेळ पडतो, आणि रोज अर्धा घटका बसणाऱ्या घराला तो पुरतो. तेव्हां व्यवस्थापकाचें पत्रक आणून स्थळें मोजण्याआधीं येत्या गुढीपाडव्यास गुढी उभारून झाल्यावर घरांतल्या सर्वांनीं तंबोरा लावून बसावें आणि नाट रागांतल्या त्या संस्कृत कृतीचा पहिला चरण घ्यावा. तिकिटें मागाहून काढतां येतात.